अमणदेवाचे डोळे

१ ऑक्टोबर १९७८, रविवार

हाताला अजून चिंच चिकटलेली आहे. अक्षर वाईट येईल, येऊ दे.

परवा घट बसायचे म्हणून देव घासायला काढले. दरवर्षी आत्या घासतात, यंदा त्यांची बोटं वळत नाहीत म्हणून माझ्याकडे आलं. (नात्यानं सासू, पण हाक आत्या. चुकून कुणी 'सासूबाई' म्हटलं की म्हणतात, "मी काय चावतो व्हय?") चिंच, रांगोळी, नारळाची शेंडी. बाळकृष्ण झाला, टाक झाले, राहता राहिली कमळजाई. म्हणजे सोन्याची टिकली. रुपयाहून लहान, बशीसारखी खोलगट, मधे कमळ. आत्यांच्या माहेरची, कोडोलीची. लग्नात आईनं ओटीत घातलेली, तिला तिच्या आईनं. वर हळदकुंकवाचा एवढा थर की कमळाच्या दोनच पाकळ्या दिसायच्या. मी आपली घासत गेले. थर सुटला, आणि कमळाच्या कडेनं अक्षरं दिसायला लागली.

देवीच्या अंगावर अक्षरं कशाला असतील?

एका बाजूला श्री असावा. समोर दुसरा तसलाच. खाली शंख. वर दोन-तीन अक्षरं, त्यातलं एक 'म'. प्रत्येक खूण वेगवेगळी ठोकलेली, एक तर चक्क तिरकी बसली आहे. हे नाणं आहे. हातोड्यानं ठोकलेलं, यादवांच्या वेळचं. बी.ए.ला सरांनी असल्या नाण्याचं चित्र फळ्यावर काढून दाखवलं होतं.

लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी ह्याला नमस्कार करून मी इतिहास शिकवायला शाळेत जाते. हसावं की रडावं कळत नाही. त्यात शेवटचं अक्षर निम्मं झिजलेलं. ते आधीच्या बायकांच्या चिंचेनं गेलं की माझ्या आजच्या, देव जाणे. शेंडी टाकून दिली आणि नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं.

२ ऑक्टोबर

शाळेला सुट्टी. ह्यांना सांगितलं. हे पाटबंधारे खात्यात. शिक्का असल्याशिवाय कशाला खरं मानत नाहीत. भिंगातून बराच वेळ बघून म्हणाले, "शिक्के हायत की. चांगले पाच-सहा हायत. म्हंजे खरंच असंल." आणि मग, "आईला एवढ्यात सांगू नकोस."

सरांना पेठ वडगावला कार्ड टाकलं. रिटायर झाल्यापासून तिथेच असतात.

३ ऑक्टोबर

घट बसले. देव विड्याच्या पानांवर बसले. आता दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, अंघोळ नाही, जागचे हलवायचे नाहीत. माझ्या हे लक्षातच नव्हतं. काल हातात होतं तेव्हा कागदावर उतरवून तरी घ्यायचं. शहाणी ती मी.

६ ऑक्टोबर

सर पहिल्या एस.टी.नं दारात. कार्ड मिळालं नि रात्रभर झोप नाही म्हणाले. "कुठं आहे?" देवघराकडे बोट केलं. चपला काढल्या आणि तडक आत. आत्यांनी वाटेत हात आडवा धरला. "पावणं, तिथनंच. द्येव बसल्यात."

सर जमिनीवर बसले. भिंग डोळ्याला, मान पुढे, मधे हातभर अंतर. वरून घटाची माळ लोंबते आहे नेमकी नाण्यावर. एवढा मोठा माणूस, झेंडूच्या फुलांना विनवण्या केल्यासारखा मान इकडून तिकडे करत बसला होता. आत्या पलीकडे भिंतीला टेकून त्यांच्यावर पहारा ठेवून. चहा घेऊन दुपारच्या गाडीनं परत गेले. दसरा झाल्यावर येतो म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१२ ऑक्टोबर

काल दसरा. देव उठले. हे आपट्याची पानं घेऊन आले, "सोनं घ्या," म्हणाले. मी देवघरात बघितलं नि ह्यांच्याकडे बघितलं. दोघांनाही हसू आवरेना. आत्या विचारत होत्या काय झालं म्हणून.

१५ ऑक्टोबर, रविवार

सरांनी वाचलं.

आधी कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घेतला. मग नाणं खिडकीशी धरून कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. तोंडातल्या तोंडात काही म्हणत होते. मग पुन्हा ठशावरून बोट फिरवलं. मला जवळ बोलावलं. म्हणाले, "सुमन, हा महादेव नाही. रामचंद्रही नाही. अमण आहे."

मला काही क्षण आठवेनाच कोण. नववीच्या वर्गात मी महादेव यादवावरून थेट रामचंद्रावर उडी मारते. मधला माणूस गाळते. मधला म्हणजे महादेवाचा मुलगा, अमणदेव. बापामागे गादीवर बसला, फार थोडे दिवस. इतके थोडे की त्याच्या नावाचं नाणं पाडलं असेल असं मनातसुद्धा आलं नसतं. सर म्हणाले, असली नाणी कुठे असलीच तर बोटांवर मोजण्याइतकी. म्युझियममध्ये जायला हवं. आधी नीट फोटो, मग लेख. हातातल्या ठशाचा कागद दाखवून म्हणाले, "नुसत्या ह्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? पेन्सिलीनं काय, कुणीही काढेल."

आत्या स्वैपाकघराच्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही.

"म्हंजे द्येवी न्हाय म्हणतासा?"

सर फार अदबीनं बोलले. म्हणाले, मावशी, राजाचं नाणं आहे, सातशे वर्षांमागचं. आत्यांनी देवघराकडे बघितलं. मग, "मग मी इतकी वर्सं हळदकुकू लावलं ते कुणाला? बापय गड्याला?"

ह्यांनी म्युझियमचं हळूच काढलं. एका वाक्यात निकाल. "मी हाय तवर न्हाय. माझ्यामागं काय ते करा."

सर म्हणाले, ठीक आहे, मावशी. माझा जीव भांड्यात पडला. माझ्यामागं म्हणजे कबूल तर केलं.

आता वहीत नुसतं 'अ.' लिहीन. कुणाच्या हाती वही पडली तर नको.

१६ ऑक्टोबर

संध्याकाळी आत्या शेंगा निवडत बसल्या होत्या. शेजारी खातूनबी. ही मागच्या बोळातली; हिचे मालक दस्तगीरमामा झारेकरी. गुजरीतल्या सोनारांच्या दुकानांतला केर आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. नदीकाठी मयताच्या राखेतूनही काढतात. खातूनबीची आणि आत्यांची रोजची बैठक.

आत्यांनी विचारलं, "कोण हुता त्यो? बरा हुता का माणूस?"

मी सांगितलं. नववी ब ला सांगावं तसं रंगवून. बाप गेला, हा देवगिरीच्या गादीवर बसला. पण चुलतभाऊ रामचंद्र, त्याला वाटे गादी आपली. किल्ला तर अवघड. मग जुन्या पोथीत म्हणे असं आहे की तो खेळ करणाऱ्यांचं सोंग घेऊन माणसांसकट आत शिरला. राजापुढे नाच सुरू झाला. नाच रंगात आला नि सोंगं उतरली. अमणाला धरलं आणि त्याचे डोळे काढले.

आत्यांचा हात थांबला.

"भावानं?"

"चुलत."

"चुलत काय नि सख्खा काय. नाच बगत हुता न्हवं त्यो तवा?"

"हो."

"म्हंजे शेवटचं त्येनं बघिटलं ते त्यो नाचच."

मला हे सुचलं नव्हतं. इतकी वर्षं इतिहास शिकवते आहे.

खातूनबी "या अल्ला" म्हणाली. आत्या रात्री जेवल्या नाहीत. मी म्हटलं, अहो, सातशे वर्षं झाली त्याला. तर म्हणाल्या, "सातशे वर्सं झाली म्हणून डोळं परत आलं व्हय त्येचं? आंधळ्याम्होरं दिवा लावत बसलो मी जलमभर." आणि पदर डोळ्याला. मी थक्क. सख्खा दीर गेला तेव्हा ह्या बाईच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं.

२ नोव्हेंबर

दिवाळी. अ.ला यंदा चिंच नाही, रांगोळी नाही, मी सक्त ताकीद दिली होती. आत्यांनी ऐकलं. हळदकुंकूही बंद केलं आहे. चंदनाच्या एका पाटीवर वेगळा ठेवलाय, देवांच्या ओळीत, पण जरा कडेला. पहिल्या अंघोळीला म्हणे कोमट तेलाचं बोट लावलं. मी न्हाणीत होते म्हणून दिसलं नाही, नाहीतर ओरडले असते.

पूजा करताना त्याच्याशी बोलतात. आज ऐकलं. "ह्यो चकलीचा वास हाय बग. उद्या करंजी करणार हाय सुमन." आधी देवीशी कधी असं बोललेल्या नाहीत.

२२ नोव्हेंबर

आत्यांनी आज कहर केला.

शाळेतून आले तर घर कडी लावलेलं. आत्या नाहीत. डोळ्यांत मोतीबिंदू, एकट्या कोपऱ्यावरसुद्धा जात नाहीत. देवघरात बघितलं, चंदनाची पाटी रिकामी. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "खातूनबीसंगं गेल्यात की गुजरीत. रिक्षानं." गुजरीत, सोनाराकडे, अ.ला घेऊन. शिवाजी पेठेतून गुजरीपर्यंत कशी गेले मला आठवत नाही. वाटेत नववीतल्या दोन पोरी भेटल्या, "बाई, बाई" करत होत्या, त्यांना बहुतेक ढकललंच.

सोनाराच्या गादीवर आत्या मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात चहा. सोनाराच्या तोंडात फुंकणी, दिव्याची ज्योत लांब झालेली, आणि ज्योतीपुढे अ. त्याच्या कमळावर दोन चांदीचे डोळे. देवीला नवसाचे वाहतात तसले, पण एवढेसे. डाक देऊन पक्के बसवायचे होते.

मी नुसतं "थांबा" म्हटलं असं मला वाटतं. खातूनबी म्हणते, अख्खी गुजरी वळून बघत होती. मी ते सोनाराच्या हाताखालून ओढलं, बोटाला चटका बसला. आत्या शांत. "अगं, डोळं बसवतोय त्येला. काढत न्हाय."

मी समजावलं, एकदा डाक लागली की नाणं गेलं, कमळ गेलं, सगळं गेलं. आत्यांचं एकच. आंधळ्याला आंधळा ठेवून पुजायचं हे त्यांना जमणार नाही. सोनार बिचारा एकदा ह्या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे. शेवटी तोड निघाली ती मेणाची. डोळे मेणानं चिकटवायचे. सोनार म्हणाला, "मेण काय टिकतंय, बाई." आत्या म्हणाल्या, "सुटलं की परत लावंन. काय काम हाय मला."

घरी आल्यावर देवघरात ठेवलं. रागानं फणफणतच मी दिवा लावला. दिवा लावल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं. चांदीच्या डोळ्यांत ज्योत दिसत होती, दुसरं काही नाही, हे मला कळतं. तरी चरकले. स्वैपाकघरात जाऊन उगीच भांडी वाजवली.

सरांना हे कळवायचं नाही.

१९ जानेवारी १९७९

आत्यांना आता फार दिसत नाही. ऑपरेशनला 'न्हाय' म्हणजे न्हाय. अ.ला चाचपून पाणी दाखवतात. डोळे सुटलेत का ते आधी बोटानं बघतात.

सरांचं कार्ड. मावशींची तब्येत कशी आहे, असं विचारलंय. दोन वेळा विचारलंय, वर एकदा नि खाली एकदा.

आज वर्गात शहाजहान चालू होता. कैदेतल्या शहाजहानाबद्दल सांगताना मनात आलं, आत्या अजून किती दिवस. खडू हातातून पडला. आपण कुणाच्या मरणाची वाट बघतोय, कशासाठी, हे लख्ख दिसलं नि स्वतःची किळस आली. घरी येताना आत्यांसाठी पपई आणली. त्यांनी फोड करून आधी अ.पुढे ठेवली.

१५ मार्च

आत्यांना ताप. डॉक्टर म्हणतात छातीत कफ साठलाय. अंथरुणावरून हाक मारून विचारतात, "दिवा लावलास का?" लावला. "डोळं हायत का?" आहेत.

१८ मार्च, रविवार

ताप उतरत नाही. रजा टाकली. खातूनबी दिवसभर पायाशी बसून असते.

२१ मार्च

आत्या गेल्या. दिवस उजाडताना.

घर भरून गेलं. शेजारच्या काकांनी तोंडात घालायला गंगाजळ, तुळस नि सोनं मागितलं. माझ्या मोडक्या कुडीतला तुकडा होता, तो शोधत कपाटाशी बसले होते. सापडून बाहेर आले तर हे म्हणाले, "झालं. घातलं." मला वाटलं ह्यांनी कशातला तरी काढला.

अंघोळ घालताना त्यांची बोटं इतकी हलकी लागली. हीच बोटं वळत नव्हती म्हणून देव माझ्या हाती आले. लिहवत नाही.

२२ मार्च

अ. नाही.

सुतकात पूजा नाही, म्हणून काल देवघराकडे कुणी फिरकलं नव्हतं. आज पाहुण्यांची वर्दळ बघून म्हटलं, उचलून कपाटात ठेवावा. पाटी रिकामी. ओघळलेल्या मेणाचे दोन ठिपके तेवढे. आधी वाटलं चोरी. एकेका पाहुण्याचं तोंड आठवून बघितलं, नाही नाही ते मनात आलं. मग ह्यांच्याकडे बघितलं नि कळलं. हे माझी नजर चुकवत होते.

न्हाणीच्या मागे नेऊन विचारलं. सरळ म्हणाले, "आईच्या तोंडात घातला."

मला आधी शब्दच कळेनात. घातला म्हणजे? "आईनं सांगितलं होतं. रविवारी, तू दूध आणायला गेलतीस तवा. म्हणाली, मलाबी दिसत न्हाय नि त्येलाबी दिसत न्हाय. एकमेकाला धरून जातो. आता एवढं मागितल्यावर काय करायचं माणसानं?"

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं. ह्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. मग म्हणाले, "तीच म्हणाली, सुमनला सांगू नको. ती त्येला कपाटात कोंडंल."

भिंतीला टेकून उभी राहिले. ओरडायची सोय नाही, घर भरलेलं. सातशे वर्षं तो कुठे कुठे राहिला, जमिनीत राहिला, कोडोलीत राहिला, ओट्यांमधून फिरला, चिंचेखाली झिजला, पण राहिला. आणि काल माझ्या डोळ्यांदेखत खांद्यावरून घरातून गेला नि मी दारात उभी राहून निरोप दिला. हे पायरीवर बसून लहान मुलासारखे रडत होते. मला त्यांची दयाही आली आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. काहीच केलं नाही.

मीच गोष्ट सांगितली. नुसतं 'राजा होता' म्हणून थांबले असते तर? नववी ब ला तर मी ह्याचं नावही सांगत नाही, आत्यांना मात्र डोळ्यांचं सांगितलं.

२३ मार्च

रक्षाविसर्जन. बायका आमच्यात जात नाहीत. सकाळी ह्यांना कोपऱ्यात गाठून म्हटलं, डोक्याच्या बाजूची राख तेवढी हातानं बघा. सोनं सहजी वितळत नाही, लाकडाच्या जाळात टिकतंही. मान हलवली.

परत आले. काही विचारायच्या आत म्हणाले, "न्हाय बघितलं." अस्थी वेचून घेतल्या नि बाकी सगळं नदीत सोडलं. "बघायला हात पुढं केला की आईचं तोंड दिसायला लागलं. न्हाय जमलं मला."

सरांना अजून कळवलेलं नाही. ते वाट बघताहेत. आत्यांच्या मागं म्हणजे आताच की.

१ एप्रिल, रविवार

पाडवा झाला, आमच्या दाराला गुढी नव्हती. पाहुणे बहुतेक गेले.

सर भेटायला आले होते. आत्यांबद्दल मनापासून बोलले. देवघराकडे एकदाही बघितलं नाही, इतका सज्जन माणूस. जाताना फक्त म्हणाले, "दिवस उरकू दे सगळे. मग एका रविवारी येतो, फोटोग्राफरला घेऊन." मी हो म्हटलं. हो म्हटलं मी. तोंडातून दुसरं काही निघेना.

५ एप्रिल

आज खातूनबीकडे गेले. पहिल्यांदाच तिच्या घरात गेले, एवढ्या वर्षांत. दस्तगीरमामा अंगणात गाळाच्या पाट्या धूत होते. सरळच विचारलं, आमच्या आत्यांची राख जिथे सोडली तिथे चाळून बघाल का? जे मागाल ते देईन.

खातूनबीनं मामांकडे बघितलं. मामा उठून आत गेले.

मग ती म्हणाली, "आजीनं सबूद घेटलाय माझ्याकडनं. पीराची आन घालून. माझ्या राखंत हात घालू नका म्हणाली. मी म्हटलं, आजी, आमचं पोटच हाय त्यात. तर म्हणाली, सगळ्यांच्या राखंत घाला, माझ्या तेवढ्या नको."

म्हणजे आत्यांनी सगळी दारं लावून घेतली होती. मुलाचं, झारेकऱ्याचं. मला मात्र 'माझ्यामागं काय ते करा' म्हणून गोड बोलून गप्प बसवलं. अंथरुणावर पडून, दिसत नसताना, माझ्यापेक्षा चार पावलं पुढे. संताप आला. घरी येईपर्यंत टिकला. घरी आल्यावर त्यांचं चष्म्याचं घर दिसलं आणि बसून रडले. पहिल्यांदाच पोटभर.

१२ एप्रिल

जोतिबाच्या यात्रेची गर्दी. नदीवर अंघोळीला माणूस मावत नाही. गल्लीत गुलाल.

दुपारी खातूनबी आली. दारातच उभी, आत येईना. पदराची गाठ सोडली नि माझ्या तळहातावर ठेवला.

चांदीचा डोळा. एक. काळा पडलेला, कड वितळून गोळा झालेली, पण बुबुळाची खाच शाबूत. गुजरीतल्या त्या सोनाराच्या हातची.

"आमी आजीच्या राखंत हात घातला न्हाय," खातूनबी म्हणाली. "दुसऱ्या मयताच्या राखंत आला ह्यो, तिथंच वरच्या अंगाला. मालकांनी तिथनं उचलला नि तिथंच थांबलं. बाकीचं तिथंच आसंल, हातभर खाली. पाणी कमी हाय अजून. आजीचा सबूद हाय, पर आता घरची तू हायस. चाळा म्हटलीस तर चाळतो, पाप आमच्या डोस्क्यावर. नको म्हटलीस तर नको. एकदा नदी चढली की मग ते कुणाचंच न्हाय."

म्हटलं, आत ये, चहा घे. आली. चहा घेतला. कपबशी स्वतः विसळून ठेवली. "शनवारी येतो इचारायला," म्हणाली.

रविवारी सर येणार. फोटोग्राफर ठरवलाय, कालच कार्ड आलं.

हातभर खाली. अमणाचं नाव असलेलं नाणं हातभर खाली आहे, आणि मी नुसतं हो म्हणायचं आहे. नाही म्हटलं तर पेन्सिलीचा एक ठसा उरेल, त्याला कुणी विचारणार नाही. पुस्तकात महादेवानंतर रामचंद्रच राहील. एकदा त्याचे डोळे काढले, आता नावही जाईल, ते मी घालवलं असं होईल. आणि हो म्हटलं तर आत्यांच्या हातातून त्याचा हात सोडवायचा. हे असं लिहिणारी मी, मला सरांनी पहिला वर्ग दिला होता.

संध्याकाळी हे आले. डोळा दाखवला. भिंग आणून बघितला. मग विचारलं, "दुसरा?"

म्हटलं, एकच मिळाला.

"म्हंजे एक तरी हाय त्येच्याकडं," ते म्हणाले. मग म्हणाले, "ह्योबी नेऊन सोडू का नदीत? आत्ता जाऊन येतो."

त्यांनी हात पुढे केला. मी मूठ मिटली. आत्या असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं की उलट, मला सांगता येत नाही. ह्यांनी थोडा वेळ हात तसाच धरला नि मग घेतला मागे, पाय धुवायला गेले.

आज दिवा मी लावला. डोळा अजून डाव्या मुठीत आहे. वही सरकते आहे, धरता येत नाही, म्हणून अक्षर असं.